चालकाचीच शुद्ध हरपली तर?

१० मे २०२२ रोजी बहामा बेटांवरून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याकडे एक लहान विमान निघाले होते. सेसना कॅराव्हान जातीचे, एका इंजिनाचे. आत तिघेच जण होते : एक वैमानिक आणि दोन प्रवासी. विमान समुद्रावर असताना वैमानिक म्हणाला, बरे वाटत नाही, डोके दुखते आहे. पाठोपाठ तो कोसळला आणि विमान समुद्राच्या दिशेने खाली झेपावू लागले. एका प्रवाशाने पुढे होऊन, वैमानिकाच्या अंगावरून हात घालून विमान सावरले आणि रेडिओवरून मदत मागितली. विमान चालवण्याचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. जमिनीवरचा एक हवाई वाहतूक नियंत्रक स्वतः विमान चालवायला शिकवणारा होता, पण या जातीचे विमान त्यानेही कधी चालवलेले नव्हते. त्याने कॉकपिटचे छायाचित्र छापून समोर ठेवले आणि एकेक पायरी सांगत त्या प्रवाशाकडून पाम बीच विमानतळावर विमान उतरवून घेतले. तिघेही वाचले. वैमानिकाच्या महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, आतून चीर गेली होती. शस्त्रक्रिया होऊन तोही बरा झाला.

असा शेवट क्वचितच होतो. विमान हवेत असताना वैमानिकाला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फिट किंवा भोवळ आली आणि त्याची जागा घेणारे कोणी नसेल, तर विमान बहुधा पडते. लहान विमानांच्या एकूण अपघातांत अशा अपघातांचा वाटा थोडा आहे. विमानावरचा ताबा सुटणे, खराब हवामान, इंधन संपणे ही कारणे जास्त आढळतात. पण आजारामुळे झालेल्या अपघातांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण त्यातले बरेचसे आजार आधी ओळखता येतात.

आरोग्याच्या पानावर विमानाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता नागपूर, गोंदिया, बारामती, शिरपूर येथील विमान प्रशिक्षण संस्थांची चौकशी करू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना या शिक्षणातली वैद्यकीय बाजू माहीत असायला हवी. दुसरे कारण त्याहून जवळचे आहे. समाजातले हजारो बांधव एस.टी., ट्रक, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन चालवून संसार करतात. त्यांच्याही हाती दुसऱ्यांचे प्राण असतात. वैमानिकाच्या आरोग्याबाबत जगाने जे नियम मोठी किंमत मोजून शिकले, ते यांच्याही उपयोगाचे आहेत.

एकटा वैमानिक

मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. एक आजारी पडला तर दुसरा विमान उतरवतो. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर, पुण्याला जाणाऱ्या विमानाचा ४० वर्षांचा वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि रुग्णालयात मृत घोषित झाला. हेच तासाभराने आकाशात घडले असते, तरी शेजारी दुसरा वैमानिक होता.

प्रशिक्षणाचे, हौशी उड्डाणाचे किंवा दोन-चार प्रवाशांचे विमान बहुधा एकच वैमानिक चालवतो. त्यातल्या सगळ्याच विमानांत ऑटोपायलट नसतो. उड्डाण घेताना आणि उतरताना विमान जमिनीच्या जवळ आणि कमी वेगात असते. त्या वेळी काही सेकंदांची भोवळही जीवघेणी ठरते.

अशा अपघाताचे कारण शोधणेही कठीण असते. विमान जळाले असेल तर शवविच्छेदनातून फारसे हाती लागत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या, तरी झटका अपघाताआधी आला असे त्यावरून सिद्ध होत नाही. हृदयाची लय अचानक बिघडून माणूस गेला, तर हृदयाच्या स्नायूत त्याची खूण उमटत नाही, कारण ती उमटायला काही तास लागतात. म्हणून कित्येक अहवालांत ‘शक्यता आहे’ एवढेच लिहिलेले असते.

अचानक आणि हळूहळू

वैमानिक अक्षम होण्याचे डॉक्टर दोन प्रकार मानतात. पहिला प्रकार उघड दिसतो : माणूस कोसळतो, फिट येते, शुद्ध जाते. दुसरा जास्त फसवा आहे. माणूस बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हातही हलत असतात, पण डोके काम करत नाही. शेजारच्याला काही कळतही नाही.

१८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रसेल्सला निघालेले ट्रायडंट विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ पडले. आतले सर्व ११८ जण मृत्युमुखी पडले. विमान मोठे होते, कॉकपिटमध्ये कॅप्टनसोबत आणखी वैमानिक होते. तरीही वेग कमी असताना पंखांच्या पुढच्या कडेचे भाग वेळेआधी मिटवले गेले आणि विमानाला हवेचा आधार उरला नाही. ५१ वर्षांच्या कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या आढळल्या. उड्डाणापूर्वी संपाच्या प्रश्नावरून त्याचा सहकाऱ्याशी कडाक्याचा वाद झाला होता. हृदयाच्या दुखण्याने त्याचे लक्ष आणि निर्णयशक्ती मंदावली असावी, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्याने नेहमीच्या वैद्यकीय तपासण्या पार केलेल्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत, असे होत नाही. तो त्या घडीची विद्युत नोंद दाखवतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेटची सवय, घराण्यातला हृदयविकार हे सगळे एकत्र पाहूनच धोका किती ते ठरते. गरज वाटल्यास डॉक्टर चालवून-पळवून घेतलेली तपासणी करायला सांगतात.

पुढे विमान कंपन्यांनी साधा नियम शिकवायला सुरुवात केली. सहकाऱ्याला दोनदा विचारूनही नीट उत्तर आले नाही, किंवा विमान ठरल्या मार्गापासून स्पष्ट ढळले असताना एकदाही उत्तर आले नाही, तर तो अक्षम झाला असे धरून ताबा घ्यायचा. तो वयाने, हुद्द्याने मोठा आहे म्हणून संकोच करायचा नाही.

प्रवासी विमानांच्या वैमानिकांना हवेत सर्वाधिक त्रास कशाचा होतो, असे विचारले असता उत्तर हृदयविकार आलेले नाही. वैमानिकांच्या पाहण्यांत जुलाब, उलट्या, पोटात मुरडा हीच कारणे पुढे आली. म्हणूनच दोन वैमानिकांनी वेगवेगळे जेवण घ्यावे अशी पद्धत अनेक कंपन्यांत आहे. मूतखड्याची कळ, कानाचा दडा, रक्तातली साखर एकदम उतरणे यांनीही माणूस जागच्या जागी निकामी होऊ शकतो.

श्वासातून येणारे संकट

काही वेळा वैमानिक ठणठणीत असतो, बिघाड कॉकपिटच्या हवेत असतो. उंचीवर हवा विरळ असते. विमानाच्या आत दाब राखला नाही, तर मेंदूला प्राणवायू कमी पडतो. ३५,००० फुटांवर दाब गेल्यास माणसाला विचार करून काही करण्यासाठी ३० ते ६० सेकंदच मिळतात. २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटे. या अवस्थेत त्रास जाणवतोच असे नाही. उलट माणसाला छान, हलके वाटते आणि तो चुका करत राहतो. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकन गोल्फपटू पेन स्टुअर्ट याचे लिअरजेट विमान ऑरलँडोहून डॅलसला निघाले होते. आतला दाब गेला, दोन्ही वैमानिकांसह सहाही जण निपचित झाले. विमान ऑटोपायलटवर सुमारे चार तास उडत राहिले आणि इंधन संपल्यावर साउथ डकोटा राज्यात पडले.

दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. लहान पिस्टन इंजिनाच्या विमानात केबिन गरम ठेवण्यासाठी बरेचदा इंजिनाच्या धुराड्याच्या भोवती तापलेली हवा आत घेतात. धुराड्याला बारीक चीर पडली की हा वायू हवेसोबत आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. २१ जानेवारी २०१९ रोजी अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला याला फ्रान्समधील नाँत शहरातून वेल्समधील कार्डिफकडे नेणारे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तातले ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले. वैमानिकाचा मृतदेह मिळाला नाही, पण त्यालाही याच वायूची बाधा झाली असावी, असे ब्रिटिश तपास यंत्रणेने नोंदवले.

हाच वायू आपल्या घरातही तयार होतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद खोलीत चालवलेला जनरेटर, दार-काच लावून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे, या सगळ्यांत माणसे झोपेतच जातात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, ग्लानी ही लक्षणे दिसतात आणि घरातल्या दोघातिघांना एकदम दिसली तर हीच शंका आधी घ्यावी. कोरोनाच्या काळात अनेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेत तो फसवतो. विषबाधा झालेल्याचा आकडाही तो चांगला दाखवू शकतो, कारण चिकटलेला वायू कोणता हे त्याला ओळखता येत नाही. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा, हवा जाण्यायेण्याची जागा कायम उघडी असावी. कोणी आत बेशुद्ध आढळले तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

खोकल्याचे औषध आणि झोप

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने प्राणघातक अपघातांत गेलेल्या वैमानिकांच्या रक्ताच्या चाचण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सुस्ती आणणाऱ्या औषधांत सर्वाधिक वेळा सापडलेले औषध कोणते? डायफेनहायड्रामिन. म्हणजे सर्दी, खाज, ॲलर्जी आणि खोकल्यासाठी दुकानातून सहज मिळणारे औषध. ते रक्तात सापडले म्हणून अपघात त्यानेच झाला असे नाही. पण त्याने झोप येते, प्रतिसाद मंदावतो आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही.

आपल्याकडे रात्रपाळीचा चालक सर्दी झाली की मेडिकलवाल्याला सांगून गोळी घेतो आणि गाडीवर बसतो. ‘या गोळीने झोप येते का?’ हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. झोप न आणणाऱ्या पर्यायी गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. रक्तदाबाची किंवा साखरेची नवी गोळी सुरू झाली असेल, तर पहिले काही दिवस लांबचा प्रवास टाळावा. रात्री जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे हाही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

एक टक्क्याचा हिशेब

वैमानिकाने किती निरोगी असावे? कोणीही शंभर टक्के निर्धोक नसतो. विमान वैद्यकशास्त्रात यासाठी एक मोजमाप वापरतात. दोन वैमानिकांच्या प्रवासी विमानात, एखाद्या वैमानिकाला पुढच्या वर्षभरात एकाएकी निकामी करणारा त्रास होण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहून कमी असेल, तर तो उड्डाणास योग्य. हा हिशेब दुसरा वैमानिक शेजारी आहे असे धरून केलेला आहे. एकट्याने विमान चालवणाऱ्याबाबत म्हणूनच जास्त कडक राहावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यावसायिक वाहतुकीत दोन वैमानिक असतील तर ६५ वर्षांपर्यंत, आणि एकच वैमानिक असेल तर ६० वर्षांपर्यंत विमान चालवता येते. एकट्याने प्रवासी नेणाऱ्या चाळिशी ओलांडलेल्या वैमानिकाची तपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी होते.

हौशी वैमानिकांचे नियम मात्र देशोदेशी सैल आहेत. अमेरिकेत मे २०१७ पासून अनेक खासगी वैमानिकांना विमान वैद्यक तज्ज्ञाऐवजी साध्या परवानाधारक डॉक्टरकडून चार वर्षांतून एकदा तपासणी करून घेण्याची मुभा मिळाली. वैमानिकांच्या संघटनांनी तिचे स्वागत केले. मोटारगाडी चालवताना एवढी कडक तपासणी नाही, मग छोट्या विमानाला कशाला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तपासणी जितकी सैल, तितका भार वैमानिकाच्या स्वतःच्या प्रामाणिकपणावर येतो, हे मात्र दोन्ही बाजू मानतात.

तंत्रज्ञानही मदतीला आले आहे. २०२० पासून काही लहान विमानांत असे यंत्र बसवले जाते की वैमानिक कोसळल्यास प्रवाशाने एक बटण दाबायचे. विमान स्वतः जवळचा योग्य विमानतळ निवडते, रेडिओवर सूचना देते, उतरते आणि इंजिन बंद करते. पण जगातल्या बहुसंख्य जुन्या लहान विमानांत ही सोय नाही. तिथे सोबत्याची तयारीच कामी येते. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात वैमानिक पती हवेतच गेल्यावर ८० वर्षांच्या पत्नीने दोन इंजिनांचे विमान उतरवले. एक इंजिन इंधन संपून बंद पडले होते. दुसऱ्या विमानातून सोबत उडणारा वैमानिक तिला सूचना देत होता आणि तिने बऱ्याच वर्षांपूर्वी थोडे उड्डाण शिकून घेतले होते.

आजार लपवावासा का वाटतो?

कितीही नियम केले तरी डॉक्टरांना माणूस जे सांगतो त्यावर बरेच अवलंबून असते. सांगितले तर परवाना जाईल, परवाना गेला तर पगार जाईल, या भीतीने माणसे गप्प बसतात. अमेरिकेतील एका खासगी वैमानिकाने आपल्याला एचआयव्ही असल्याचे वैद्यकीय अर्जात लपवले होते. त्या काळी तेथे एचआयव्ही असलेल्यांना उड्डाणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नसे. पुढे सरकारी खात्यांनी नोंदी ताडून पाहिल्यावर ते उघड झाले, परवाना गेला, खटला झाला. आपली खासगी माहिती परस्पर दिली म्हणून त्याने सरकारवर दावा केला, तो २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो हरला. त्याने खोटे लिहिले हे चूकच. पण आजाराला कलंक मानणारी व्यवस्था माणसाला खोटे बोलायला भाग पाडते, हेही त्या प्रकरणातून दिसते. कलंक म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

मनाच्या आजाराबाबत हे अधिकच खरे आहे. नैराश्य सांगितले की नोकरी जाईल असे वाटले, तर माणूस उपचारच टाळतो. युरोपात आता विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी आधार कार्यक्रम चालवावा लागतो. त्यात प्रशिक्षित सहकाऱ्याशीच विश्वासाने बोलता येते आणि परतीचा मार्ग खुला राहतो.

मधुमेहाचे उदाहरण आशादायक आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला विमान चालवू द्यायचे नाही, असा नियम बहुतेक देशांत होता, कारण साखर एकदम उतरली तर शुद्ध जाते. ब्रिटनने २०१२ मध्ये अटी घालून अशा वैमानिकांना परवानगी दिली. उड्डाणाआधी साखर मोजायची, हवेत दर तासाला मोजायची, उतरण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा मोजायची. आकडा ९० ते २७० मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर हिरवा दिवा. उतरू लागला तर खाऊन घ्यायचे. फारच उतरला किंवा चढला तर ताबा सहकाऱ्याकडे द्यायचा. आजार उघड सांगितला आणि मोजमाप नीट ठेवले, तर काम करता येते, हे यातून दिसले.

बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागत होते, पायांच्या वेदनांनी त्यांना अंथरुणाला खिळवले होते. त्या अवस्थेत त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहून पूर्ण केला. आजार असणे ही लाजेची बाब नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असतानाच कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल तयार झाला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला वाऱ्यावर सोडू नये, हा विचार त्यामागे होता.

तथागतांनी जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः अंघोळ घातल्याची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तिथेच, सेवा करायला सोपा असा रुग्ण कोणता, याचे पाच गुण दिले आहेत. पथ्याचे वागतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सोसतो, आणि पाचवा गुण म्हणजे सेवा करणाऱ्या हितचिंतकाला आपला आजार वाढतो आहे की उतरतो आहे ते जसे आहे तसे सांगतो. आजच्या भाषेत हाच वैद्यकीय अर्ज खरा भरण्याचा नियम. आणि सेवा करणारा हितचिंतक असला पाहिजे, ही अट त्याच्या जोडीलाच आहे.

मुलाला पायलट करायचे असेल तर

उड्डाणाच्या शिक्षणाचा खर्च लाखांत जातो. शेत गहाण टाकून, कर्ज काढून पैसे भरल्यावर वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्या मुलांची घरे उद्ध्वस्त होतात. म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, विद्यार्थी वैमानिकासाठी द्वितीय श्रेणीचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ही तपासणी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे आणि केंद्रांतच होते. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी दोन्ही श्रेणींची तपासणी उरकून घ्या. रंगांधळेपणाची साधी चाचणी तर त्याआधीच नेत्रतज्ज्ञाकडे करता येते. चष्मा असला म्हणून स्वप्न सोडू नका. चष्म्याने नजर ठरल्या मर्यादेत येत असेल तर अडचण येत नाही. लहानपणी फिट आली असेल, दमा असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, तर कागदपत्रांसह खरे सांगा. पुढे उघड झाले तर परवाना, पैसा आणि नाव तिन्ही जाते.

आपल्या रस्त्यावर

जानेवारी २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातून सहलीहून परतणाऱ्या महिलांच्या मिनीबसच्या चालकाला वाटेत फिट आली. मोटार चालवता येणाऱ्या, पण बस कधी न चालवलेल्या एका महिलेने स्टिअरिंग हाती घेतले, सुमारे दहा किलोमीटर बस चालवत नेली आणि चालकाला रुग्णालयात पोहोचवले. घरातल्या बायका-मुलींनी गाडी चालवायला शिकावे, याला यापेक्षा मोठे कारण काय हवे?

व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला, नमुना १-ए, लागतो. तो अनेकदा तपासणी न होताच सही होऊन मिळतो, हे चालकांना सांगायला नको. त्याने परवाना मिळतो, पण आत वाढणारा रक्तदाब तसाच राहतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक चालकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि नजर खरोखर तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात हे फार कमी खर्चात होते. बुद्धविहारात जयंतीच्या किंवा वर्षावासाच्या निमित्ताने आरोग्य शिबिर भरते, तेव्हा परिसरातल्या रिक्षा आणि ट्रक चालकांसाठी एक दिवस राखून ठेवता येईल.

नोकरी जाईल म्हणून आजार लपवणाऱ्या बांधवांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्याला काढून टाकता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. तो त्या कामास योग्य नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. कायद्याने स्थापन झालेली महामंडळेही यात येतात. प्रत्येक आजार या कायद्यात बसत नाही, पण कामगार संघटनेला विचारल्याशिवाय गप्प बसू नये. खासगी मालकाकडे काम करणाऱ्यांना एवढे संरक्षण नाही. तिथे संघटना हाच आधार आहे.

जगभरातले वैमानिक उड्डाणाआधी स्वतःला सहा प्रश्न विचारतात. गाडीची किल्ली फिरवण्याआधी तेच विचारता येतात :

१. आज अंगात काही दुखणे, ताप, जुलाब आहे का?
२. झोप आणणारे किंवा नवे औषध घेतले आहे का?
३. घरचा, पैशाचा, भांडणाचा ताण डोक्यात आहे का?
४. दारू घेतली आहे का? भारतात वैमानिकाला उड्डाणापूर्वी १२ तास दारू वर्ज्य आहे. पंचशील पाळणाऱ्याला हा प्रश्न पडू नये.
५. पुरेशी झोप झाली आहे का?
६. पोट रिकामे आहे का, मन थाऱ्यावर आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर मनाला खटकले, तर गाडी थोडी उशिरा निघाली तरी चालेल.

चालवत असताना छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी घाम, गरगरणे, नजर अंधुक होणे, जीभ जड होणे यांतले काहीही जाणवले, तर पुढच्या थांब्यापर्यंत रेटू नका. लगेच गाडी कडेला घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, कोणाला तरी सांगा, १०८ लावा. पक्षाघातात पहिल्या साडेचार तासांत रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देता येते, म्हणून वेळ लक्षात ठेवा. प्रवाशांनीही चालकाकडे लक्ष असू द्यावे. गाडी उगाच एका बाजूला जाऊ लागली, बोलणे अडखळू लागले, तर दोनदा विचारा. उत्तर नीट नसेल तर गाडी थांबवायला सांगा. माणूस कोसळला, हाक मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही असे दिसले, तर त्याला सपाट जागी झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. हे शिकायला अर्धा तास पुरतो. पुढच्या शिबिरात डॉक्टरांकडून ते प्रत्यक्ष करून घ्या आणि आपल्या वस्तीतल्या चालकांना हे पान वाचून दाखवा.

जय भीम.